जंगलातली पायवाट ‘पक्की’ करण्याआधी : येऊर, पारसिक, खारघरच्या टेकड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी पावसाळा संपला की हे सुरू होतं. कुणीतरी ठाण्यात येऊरला किंवा नवी मुंबईत खारघरच्या टेकडीवर घसरून पडलेलं असतं, मग ग्रुपवर फोटो येतात, मग मागणी येते की वाट नीट करा, पायऱ्या बांधा, पेव्हर टाका, दिवे लावा. घसरणाऱ्यांचा त्रास खरा आहे, त्यावर माझा वाद नाहीये. पण ‘वाट सुधारली’ म्हणजे फक्त वाटेचंच काहीतरी झालं असं आपण धरून चालतो आणि तिथेच सगळं चुकतं. जंगलातली वाट दुरुस्त करावी, रुंद करू नये, आणि आधी पाणी कुठून जातं ते बघावं, पाय कुठे पडतात ते नंतर, असं माझं मत आहे. खालचे प्रश्न लोक मला नेहमी विचारतात, काही वेळा रागावूनही विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

वाट तर आधीपासूनच आहे. तीच पक्की केली तर जंगलाचं असं काय मोठं जातं?

वाटेच्या रुंदीवरून अंदाज बांधला तर फार काही जात नाही असंच वाटतं. १ किलोमीटर लांब आणि दीड मीटर रुंद वाट म्हणजे १५०० चौरस मीटर, पाच-सहा टेनिस कोर्टांएवढी जागा, येवढंच. पण पक्कं काम करताना दोन्ही बाजूंची झुडपं साफ करतात, मुरूम ओततात, खडी-रेतीचे ढीग लावतात, आणि बाजूचे निदान ३-३ मीटर तरी मोकळे होतात. म्हणजे साडेसात मीटरचा पट्टा झाला, त्याच १ किलोमीटरला ७५०० चौरस मीटर. पाचपट. कागदावर मात्र दीड मीटरच राहतं.

शिवाय वरचं छप्पर फाटतं. जंगलात खाली जो अंधार-गारवा असतो तो झाडांच्या फांद्या एकमेकांत गेल्यामुळे असतो. वाट रुंद झाली की मधून ऊन खाली येतं, पालापाचोळा सुकतो आणि उन्हावर जगणारी बाहेरची झुडपं शिरतात, घाणेरी, रानमोडी, गाजरगवत. कुठल्याही रुंद केलेल्या वाटेच्या कडेनं चाला आणि बघा, कडेला रानमोडी दाट आणि पन्नास पावलं आत गेलं की जवळजवळ नाही. यांचं बी बऱ्याचदा बाहेरून आणलेल्या मुरुमातनं, मातीतनं, डंपरच्या टायरला चिकटून येतं. एकदा जम बसला की उपटायला माणसं वर्षानुवर्षं लागतात, आणि त्याचे पैसे एस्टिमेटमध्ये कधीच धरलेले नसतात.

पण एकही झाड तोडणार नाही असं लिहून देतात की.

देतात, आणि बहुतेक वेळा खरंच कुऱ्हाड लावत नाहीत. पण झाड म्हणजे नुसतं खोड नाही ना. अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतांशी मातीच्या वरच्या फूट-दोन फुटांतच असतात. सोलिंग (वाटेखालचा दगडांचा थर) बसवायला तेवढंच खणतात. ऐन, कुंभा, मोई, किंजळ यांच्या खोडाजवळून चर गेला तर झाड त्या वर्षी काहीच दाखवत नाही, दोन-तीन पावसाळ्यांनी शेंडा वाळायला लागतो आणि तोपर्यंत कामाचं बिल पास होऊन गेलेलं असतं. खोडाभोवती मुरूम टाकून लेव्हल केली तरी तेच, मुळांना हवा मिळत नाही.

आणि जे ‘झाड’ म्हणून मोजलंच जात नाही त्याचं काय? उतारावरची कारवी घ्या. साधारण ८ वर्षांनी एकदाच फुलते, आपल्याकडे २०१६ मध्ये मोठा बहर होता. फुलून, बी धरून ती मरते, बी पुढच्या उन्हाळ्यात तडतडून उडतं आणि पहिल्या पावसात कोवळी रोपं उठतात. त्या काळात उतार खरवडला किंवा तुडवला तर एका वर्षाचं नुकसान होत नाही, त्या जागेची अख्खी पिढी जाते. कारवीची मुळं उतारावरची पातळ माती धरून ठेवतात हे तर वेगळंच. सर्व्हेच्या कागदात मात्र ती ‘झुडपे’ या एका शब्दात संपते. करवंद, कुडा, सागाची-ऐनाची कमरेएवढी रोपं, हे सगळं त्याच शब्दात.

सगळ्यात जास्त नुकसान नेमकं कशानं होतं?

पाण्यानं. हे उत्तर लांब आहे, पण हे वाचलं नाही तर बाकीचं वाचून फार उपयोग नाही.

आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. आता १ किलोमीटर लांब, २ मीटर रुंद काँक्रीटची वाट धरा. तिच्यावर एका मोसमात पडणारं पाणी ५० लाख लिटर होतं. एका दिवसात १०० मिलिमीटर झाला, जे जुलैत काही नवल नाही, तर त्या एका दिवसाचं २ लाख लिटर. आधी हे पाणी पाल्यावर पडून, मुरत मुरत, इकडून तिकडून खाली जायचं. आता ते मुरत नाही, वाटेवरूनच पळतं आणि जिथे कडा सापडेल तिथे एकदम उडी मारतं. त्या ठिकाणी पहिल्या वर्षी छोटी घळ दिसते, तिसऱ्या वर्षी वाटेखालची माती निघून गेलेली असते आणि स्लॅब अधांतरी लटकतो. मग पुढचं टेंडर निघतं, रिटेनिंग वॉलचं.

आपल्या टेकड्यांवर काळा बसाल्ट आहे आणि त्यावर माती बऱ्याच ठिकाणी वीतभरच. ती एकदा वाहून गेली तर आपल्या हयातीत परत येणार नाही. खाली ओढ्यात जाऊन ती दगडांमधल्या फटी भरते आणि तिथे राहणारे खेकडे, बेडकांची पिल्लं, पाणकिडे यांची जागाच जाते.

कच्च्या वाटेनंही धूप होते का? होते, भरपूर होते, हे मान्यच करायला पाहिजे. सरळ उतारावर खाली धावणारी वाट पावसाळ्यात पन्हळ बनते, मुळं उघडी पडतात, लोक मग बाजूनं चालतात आणि वाट दोनाची चार मीटर होते. पण यात दोष वाटेच्या दिशेचा आहे, कच्चेपणाचा नाही. साधा नियम आहे, वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, आणि सरासरी १० मीटर चाललात तर चढ १ मीटरच्या आत ठेवायचा. वाट आडवी, डोंगराच्या अंगाला धरून न्यायची, बाहेरच्या कडेला किंचित कलती ठेवायची म्हणजे पाणी तिच्यावर न थांबता पलीकडे उतरतं. मध्ये मध्ये तिरके दगड पुरून पाणी बाहेर काढून द्यायचं. येवढं जमलं तर पक्क्या कामाची निम्मी मागणी आपोआप संपते, आणि हे नाही जमलं तर वरून कितीही सिमेंट ओता, ते पाणी त्याच्याखालून जाणारच.

अजून एक गोष्ट फार कुणी बोलत नाही. ताज्या सिमेंटचं पाणी खूप अल्कली असतं, पीएच १२ च्या वर जातो. कामाच्या जागी मिक्सर, घमेली धुतलेलं आणि क्युरिंगचं पाणी सरळ ओहोळात सोडलं जातं. बेडकाची कातडी आणि माशाचे कल्ले याला अजिबात टिकत नाहीत.

मग दगडी पायऱ्या? कोकणात पाखाड्या आहेतच की.

पाखाडी चांगली. चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड बसवून केलेली पाखाडी पाणी मुरू देते, एखादा दगड हलला तर गावातलाच माणूस परत बसवतो, आणि फटींमधून शेवाळं, नेचे, पाली, विंचू सगळे राहतात. खड्या चढावर, जिथे वाट वळवायला जागाच नाही तिथे ती बांधा असं मीही म्हणेन. दोन अटी आहेत. एक, दगड ओढ्यातनं उचलायचे नाहीत. ते ‘फुकट’ दिसतात पण त्यांच्याखाली कुणीतरी राहतं, पावसाळी खेकडे तिथे असतात, ओलसर जागी देवगांडूळसुद्धा सापडतो (गांडुळासारखा दिसतो पण बेडकाच्या नात्यातला आहे, दिसला तर मारू नका). दुसरं म्हणजे, पायऱ्या करून सांधे सिमेंटनं भरायचे नाहीत. सांधे भरले की ती पाखाडी राहत नाही, पाणी खाली फेकणारा जिना होतो.

लोक कुठूनही चालतात म्हणून जंगल तुडवलं जातं. एक पक्की वाट दिली तर सगळे तिच्यावरूनच चालतील, हे चांगलं नाही का?

हा विरुद्ध बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा आहे आणि त्यातला अर्धा भाग बरोबर आहे. कोऱ्या जागेवर पहिली थोडी माणसं चालली की सगळ्यात जास्त नुकसान तेव्हाच होतं, गवत-रोपं मोडतात, माती दबते. त्यानंतर त्याच वाटेवर दुप्पट माणसं आली तरी नुकसान दुप्पट होत नाही. म्हणून शंभर माणसांना दहा वाटांवर पसरवण्यापेक्षा एका वाटेवर ठेवणं केव्हाही बरं. येऊरला शॉर्टकट मारून मारून जे जाळं झालंय ना, ते बघून जीव तुटतो.

पण त्यासाठी वाट ठळक आणि चालण्यासारखी पाहिजे, पक्की असायची गरज नाही. आणि एक वाट नीट करताना बाकीच्या शॉर्टकट बंद करायला पाहिजेत, करवंदीच्या फांद्या टाकून, वाळके ओंडके आडवे लावून. हे दुसरं काम कधीच होत नाही कारण त्याचं उद्घाटन होत नाही. मग होतं काय की पक्की वाट होते, तिच्यामुळे माणसं वाढतात आणि त्या वाढलेल्या माणसांचे नवे शॉर्टकट तिच्यापासून फुटतात.

जास्त लोक जंगलात आले तर वाईट काय? बघतील तेव्हाच जपतील ना?

बघून जपणारे लोक मी स्वतः पाहिलेत, लहान मुलांना घेऊन येतात, हळू चालतात, प्रश्न विचारतात. त्यांच्यासाठी आत्ताची वाट पुरते. वाट गुळगुळीत झाली की वेगळी गर्दी वाढते, स्पीकर घेऊन येणारी, बाईक थेट आत घालणारी, रात्री पार्टीला येणारी. हे मी रागानं बोलत नाहीये, कुठल्याही जागेचा रस्ता सोपा केला की असंच होतं, पांडवकड्याच्या धबधब्याला काय होतं ते खारघरकरांना विचारा. दर पावसाळ्यात वनखात्याला तिथे बंदी घालावी लागते कारण लोक वाहून जातात.

मग खाणं येतं, खाण्याचा कचरा येतो, कचऱ्यामागे भटकी कुत्री येतात. कुत्री ससे, घोरपडी, जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांना सोडत नाहीत. आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, आपल्या संजय गांधी नॅशनल पार्कच्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे हे आता सगळ्यांना माहितीये. म्हणजे वेफर्सच्या पाकिटापासून बिबट्या सोसायटीच्या भिंतीपर्यंत येण्याचा रस्ता आपणच करून देतो, आणि मग पिंजरा लावा म्हणून ओरडतो.

बिबट्याचीच भीती वाटते म्हणून तर दिवे मागतोय.

भीती समजू शकते. पण बिबट्या रात्री याच वाटांवरून चालतो, त्यालाही झुडपांतून घुसण्यापेक्षा वाट सोपी पडते, कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) वाटांवर लावतात ते उगाच नाही. दिवे लावले तर आपण रात्री त्याच्या वेळेला त्याच्या वाटेवर जायला लागू, भेट होण्याची शक्यता वाढेल, कमी नाही होणार. उजेड असताना जा, गप्पा मारत घोळक्यानं जा, अंधार पडायच्या आत बाहेर या, लहान मुलांना मागे किंवा पुढे एकटं सोडू नका.

दिव्यांची खरी किंमत काजव्यांना विचारा. मे अखेर ते जून, पहिल्या सरींच्या आगेमागे नर-मादी लुकलुकून एकमेकांना शोधतात. त्यांचा सगळा संवादच उजेडाचा. त्या दोन-तीन आठवड्यांत शेजारी सोलर दिवा रात्रभर जळला तर जोडी जमतच नाही, आणि त्यांच्या अळ्या ज्या ओल्या पालापाचोळ्यात वाढतात तो आपण आधीच झाडून टाकलेला असतो. मिट्ट अंधार ही जंगलाची गरज आहे, ती गैरसोय म्हणून बघू नका.

माझी आई ७२ वर्षांची आहे, तिला जंगल बघायचा हक्क नाही का? व्हीलचेअरवाल्यांनी काय करायचं?

हक्क आहे. पूर्ण आहे. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो आणि ‘जंगल हे धडधाकटांसाठीच’ असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

पण त्यासाठी आतल्या ४ किलोमीटरला पेव्हर नको. गेटजवळ, जिथे गाड्या आधीच येतात आणि जमीन आधीच दबलेली आहे, तिथे सपाट, रुंद, बसायला बाकं असलेला दोन-तीनशे मीटरचा छोटा फेरा करा. तो मनापासून चांगला करा, उतार सौम्य, मध्ये पायरी नाही, शेजारी स्वच्छ टॉयलेट. आईला तिथे बसून स्वर्गीय नर्तक, हळद्या, सुतार पक्षी दिसतील, सकाळी सातला नीट कान दिला तर बरंच काही ऐकू येईल. उलट आत लांबवर केलेल्या ‘ज्येष्ठ-मित्र’ वाटा मी बघितल्यात, पहिल्या पावसात पेव्हर वर-खाली होतात, वर शेवाळं धरतं आणि काठी घेऊन चालणाऱ्याला ते मातीपेक्षा जास्त घसरडं असतं.

पाड्यातल्या लोकांनी पण चिखलातच राहायचं का मग?

नाही, आणि हे दोन विषय एकत्र करू नका. येऊरमधल्या पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा इथली माणसं फिरायला चालत नाहीत, शाळेत, दवाखान्यात, बाजारात जायला चालतात. गरोदर बाईला झोळीतून आणावं लागतं तेव्हा पर्यावरणाचं नाव पुढे करणं मला बरोबर वाटत नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये याची तरतूद आहे, शाळा, दवाखाना, रस्ता अशा १३ प्रकारच्या सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीनं १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडण्याच्या अटीवर. सोय पाड्याच्या नावानं मागायची आणि रस्ता मात्र बंगल्या-हॉटेलपर्यंत न्यायचा, यावर लक्ष ठेवा.

आणि वाट कुठून न्यावी हे ठरवताना आधी पाड्यातल्या आजी-आजोबांना विचारा. पाणी कुठून उतरतं, कुठला उतार दर वर्षी खचतो, हे त्यांना पाठ आहे.

डोंगराच्या पोटातून ठाणे-बोरिवली बोगदा चाललाय आणि तुम्ही पायवाटेवर काय बोलताय?

बोगद्यावरही बोलायला पाहिजे, बोलणारे बोलतायत. जवळपास १२ किलोमीटरचा प्रकल्प आहे, निदान त्याची कागदपत्रं झाली, सुनावण्या झाल्या, कोर्टात प्रश्न विचारले गेले. पायवाटेचं तसं होत नाही. ती ‘छोटं काम’ म्हणून निधीतनं मंजूर होते, मार्च एंडच्या आत उरकायची असते, कुणी नकाशा मागत नाही. नॅशनल पार्क सगळं मिळून साधारण १०४ चौरस किलोमीटर, चारी बाजूंनी शहर. अशा जागेला मोठं काम एकदा लागतं, छोटी कामं दर वर्षी लागत राहतात.

परवानगी कुणाची लागते? हे काम बेकायदा आहे की नाही कसं कळणार?

जागा कुणाची त्यावर आहे. येऊरचा पार्कातला भाग असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो, तिथे अधिवासाला धक्का लावणारं काम मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय करता येत नाही. पार्काच्या हद्दीबाहेर लागून जो पट्टा आहे तो डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेनं इको-सेन्सिटिव्ह झोन (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्टा) झालाय, तिथे नियम वेगळे. नवी मुंबईकडे, पारसिक, गवळीदेव, खारघर बाजूला जमीन कुठे वनखात्याची, कुठे सिडकोची, कुठे खाजगी, त्यामुळे आधी सातबारा आणि नकाशा बघायचा. वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर १९८० चा वनसंवर्धन कायदा येतो. आणि ‘ही जमीन वनखात्याच्या नावावर नाही’ म्हणजे सगळं माफ असं नसतं, १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की मालकी कुणाचीही असो, जंगल ते जंगल.

संशय आला तर भांडू नका, माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा, एस्टिमेट, नकाशा आणि वनखात्याची परवानगी. चालू कामात झाडं पडताना दिसली तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, फोटो काढा, जागेचं लोकेशन आणि तारीख लिहून ठेवा. तिथल्या मजुरांवर आवाज चढवू नका, ते रोजंदारीवर आलेले असतात, निर्णय त्यांचा नसतो.

माथेरानला पेव्हर टाकलेच ना?

टाकले, आणि वाद थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. माथेरान २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह आहे, तिथे खाजगी मोटारगाड्यांना बंदी आहे, मुख्यतः घोडे आणि माणसं चालतात, लाल माती वाहून जाते ही अडचण खरी होती. पण ते वस्तीचं गाव आहे, हजारो लोक राहतात, रोज सामान चढतं. तिथला तोडगा उचलून बिबट्याच्या वाटेवर ठेवायचा याला काही अर्थ नाही.

रुंद वाट वणव्याला अडवते, त्याचा फायदा नाही का?

जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेले पट्टे) वनखातं उन्हाळ्याआधी वेगळ्या काढतं, त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. जिथे माणसांची ये-जा सोपी तिथे विडी-सिगारेट, चुली आणि शेकोट्या जास्त, त्यामुळे हा हिशोब उलटाच पडतो.

तोडलेल्या झुडपांच्या बदल्यात आम्ही दुप्पट झाडं लावू.

लावा, जरूर लावा, पण शहरात लावा, घोडबंदर रोडला सावलीची भयंकर गरज आहे. जंगलात लावायला गेलात की गिरीपुष्प, सुबाभूळ असलं लवकर वाढणारं काहीतरी लावलं जातं, खड्डे खणताना अजून माती उकरली जाते, आणि हटवलेली कारवी, करवंदं, पालापाचोळा, त्यातली बुरशी यातलं काहीच खड्ड्यातून परत येत नाही.

ठीक आहे, पण काम करायचंच ठरलं तर कधी आणि कसं करावं?

काम ठरवायला भर पावसात जा. जुलैत छत्री घेऊन वाट चाला आणि पाणी कुठे कुठे वाटेवर येतं, कुठे बाहेर पडतं तिथे खुणा करा. उन्हाळ्यात आखलेली वाट नेहमी चुकते कारण कोरड्या डोंगरावर पाण्याचा पत्ता लागत नाही. प्रत्यक्ष काम ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, जमीन ओलसर पण घट्ट असते, तेव्हा कुदळ-फावडं चांगलं चालतं आणि माती पुढच्या पावसाआधी बसते.

एप्रिल-मेमध्ये नको. नेमकी तीच वेळ ठेकेदाराला सोयीची असते, पण मे अखेरीस नवरंग येतो, पाल्यात किडे शोधत फिरतो, झुडपात घरटं करतो. जूनमध्ये तिबोटी खंड्या येतो. हा येवढासा रंगीत पक्षी ओढ्याकाठच्या किंवा वाटेकडेच्या मातीच्या उभ्या कड्यात बोगदा खणून अंडी घालतो, बोगदा मीटरभरसुद्धा लांब असतो. आपल्याला तो कडा ‘ढासळतोय’ असं दिसतं आणि आपण त्याला दगडाचं पिचिंग करतो, जाळी लावतो, प्लास्टर मारतो. त्या दिवशी तो कडा खंड्यासाठी संपला. पिल्लांना तो सापसुरळ्या, पाली, छोटे खेकडे, बेडूक आणून भरवतो, म्हणजे कडा राहिला तरी खालचा ओढा आणि कडेचा पाला पण राहायला पाहिजे. कर्नाळ्याला लोक याच पक्ष्याच्या फोटोसाठी लांबून येतात, आणि तशाच मातीच्या कडा आपल्या टेकड्यांवर आपण विनाकारण बुजवतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून मातीचा कडा दिसला, त्यात गोल भोकं असली, तर तिथे हात लावू नका, वाट दोन मीटर लांबून न्या.

जेसीबी आत नेऊ नका. दीड मीटरच्या वाटेला मशीन गेलं की मशीनलाच त्याहून जास्त जागा लागते, वळायला आणखी, आणि उकरलेली माती खालच्या अंगाला ढकलून देतात, ती खालची रोपं गाडून थेट ओढ्यात उतरते. माणसांनी, हातानं, थोडं थोडं करायचं. वेळ जास्त लागतो पण काम पाड्यातल्या लोकांना मिळतं आणि पुढच्या वर्षी डागडुजीलाही तेच येतात. ती डागडुजी दर वर्षी लागणार हे आधीच धरा, सप्टेंबरअखेर चर साफ करणं, हललेले दगड बसवणं. एकदाच मोठा खर्च आणि नंतर दहा वर्षं बघायचंच नाही, ही पद्धत जंगलात चालत नाही.

वाट सोडून दिली, बंद केली, तर जंगल परत भरून येतं का?

येतं, पण सावकाश. वर हिरवं लवकर दिसतं, एका पावसात टाकळा-गवत उगवतं आणि लोकांना वाटतं झालं. दबलेली माती सैल व्हायला मात्र वर्षं लागतात, मुंग्या, वाळवी, गांडुळं, मुळं यांनी ती आतून पोकळ करायची असते. वरून काटेरी फांद्या आणि पाला टाकला तर काम लवकर होतं, कारण माणूस थांबतो आणि ओल टिकते. सिमेंट टाकलेली वाट मात्र बंद केली तरी उखडून बाहेर न्यावी लागते, तिच्यात आपोआप काही होत नाही.

पावसाळ्यात वाटेवर चिखल असला तर कडेनं जायचं की चिखलातनं?

चिखलातनंच. सरळ मधून. कडेनं गेलात की कडेचं गवत मोडतं, तिथे नवा चिखल होतो, पुढचा माणूस त्याच्याही कडेनं जातो, आणि एका मोसमात वाट दुप्पट होते, मग तीच रुंद झालेली वाट दाखवून काँक्रीट मागितलं जातं. पकड असलेले बूट घाला, जुने घाला, घोटा झाकणारे असले तर अजून बरं कारण फुरसं आणि घोणस दोन्ही इथे आहेत. ओढ्याला पाणी चढलेलं दिसलं तर ओलांडू नका, तिथूनच मागे फिरा.